आठ तासांत कोणती मुंबई पाहायची?

दिवाळी सरली की मुंबई बंदरात परदेशी क्रूझ जहाजांची ये-जा वाढते. सकाळी जहाज धक्क्याला लागते आणि पुष्कळदा त्याच दिवशी संध्याकाळी निघून जाते. प्रवाशाच्या हातात उरतात जेमतेम सात-आठ तास. एवढ्या वेळात मुंबई पाहायची कशी, याची सोय जहाजावरच केलेली असते. सहलींची एक यादी प्रवाशापुढे ठेवली जाते, प्रत्येक सहलीसमोर डॉलरमधली किंमत असते आणि प्रवाशाने त्यातल्या एकीवर खूण करायची असते. गेटवे ऑफ इंडिया, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मणिभवन, धोबीघाट, डबेवाले, घारापुरीची लेणी आणि ज्यांना 'खरा भारत' पाहायचा आहे त्यांच्यासाठी धारावी! थोड्याफार फरकाने यादी हीच.

आम्ही वकिली करतो, चळवळीत काम करतो. पर्यटन हा काही आमचा व्यवसाय नव्हे. पण इंग्लंड-कॅनडात स्थायिक झालेले आपले धम्मबांधव आणि त्यांच्या ओळखीचे थायलंड, जपानकडचे उपासक आता या जहाजांवरून येऊ लागले आहेत. ते आम्हाला हमखास विचारतात, "आठ तास आहेत, यातली कोणती सहल घ्यावी?" प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु एखादे शहर पाहुण्याला काय दाखवते आणि काय झाकून ठेवते, यावरून त्या शहराच्या सातबाऱ्यावर कोणी आपले नाव चढवून घेतले आहे हे कळते. या यादीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव शोधून पाहा. ज्या शहरात ते शिकले, शिकवले, वकिली केली, कॉलेज काढले, ज्या शहराच्या समुद्रकिनारी त्यांच्या पार्थिवाला अग्नी दिला गेला, त्या शहराच्या यादीत ते बहुतेक वेळा नसतात. हे आपोआप घडले असे कोणी म्हणत असेल तर म्हणो बापडे!

आमचे म्हणणे मात्र असे नाही की यादीतल्या सर्व सहली टाकून द्याव्यात. सहल निवडताना ठिकाणाच्या नावाकडे कमी आणि तिथे काय सांगितले जाणार आहे याकडे जास्त पाहावे, एवढेच आम्ही सांगतो. पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक प्रवाशाला आहे. तो त्याने बजावावा.

मणिभवनच घ्या. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम या वास्तूत असे. बस थांबते, प्रवासी चरखा पाहतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. पण १४ ऑगस्ट १९३१ रोजी याच घरात गांधी आणि आंबेडकर यांची पहिली भेट झाली, हे किती गाईड सांगतात? गोलमेज परिषदेच्या तोंडावरची ती भेट होती. काँग्रेसने अस्पृश्यांच्या प्रश्नावर काय केले याचा हिशेब बाबासाहेबांनी तिथे मागितला. ज्यांना माणूस म्हणून वागवले जात नाही, पाणी पिऊ दिले जात नाही, त्यांनी कोणत्या भूमीला मातृभूमी म्हणायचे, हा प्रश्न त्यांनी समोरासमोर टाकला. त्या वेळी गांधीजी बाबासाहेबांना अस्पृश्यांविषयी कळवळा असणारा कोणी ब्राह्मण समजत होते, ही गोष्ट पुढे महादेव देसाईंच्या रोजनिशीतून जगाला कळली! आणि दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९३१ ला, बाबासाहेब 'मुलतान' या बोटीने मुंबई बंदरातून लंडनला निघाले. त्याआधीच्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९३० रोजी, ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' बोटीने पहिल्या गोलमेज परिषदेला गेले होते, तेही याच बंदरातून.

म्हणजे पाहा, जहाजातून उतरलेला प्रवासी ज्या बंदरातून मणिभवनाकडे जातो, त्याच दोन टोकांमध्ये भारतातल्या कोट्यवधी अस्पृश्यांच्या राजकीय हक्काच्या लढ्याचे दोन दिवस उभे आहेत. बस तीच, रस्ता तोच, तिकीट तेच. फरक फक्त सांगणाऱ्याचा. म्हणून आम्ही आमच्या पाहुण्यांना सांगतो, मणिभवनाची सहल खुशाल घ्या, पण गाईडला १४ ऑगस्ट १९३१ विषयी विचारा. त्याला ठाऊक नसेल तर तुम्ही सांगा. बसमधले उरलेले चाळीस जण ऐकतील.

धोबीघाटाचे प्रकरण याहून वेगळे आहे. महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावर पर्यटक उभे राहतात आणि खाली दगडी कुंड्यांत उभे राहून कपडे आपटणाऱ्या माणसांचे फोटो काढतात. 'जगातली सर्वात मोठी उघडी लाँड्री' अशी त्याची जाहिरात केली जाते. वरून बघणारा आणि खालून बघितला जाणारा! या देशात ही मांडणी आम्हाला नवी नाही. तिथले पुष्कळ कामगार उत्तर प्रदेशातून आले. त्यांच्या गावाकडे धोबी ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्रात परीट-धोबी इतर मागासवर्गात मोडतात. शिवाय एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस पोटासाठी दुसऱ्या राज्यात गेला की तिथे त्याला त्या जातीच्या आरक्षणाचा लाभ मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० सालीच मारी चंद्रशेखर राव खटल्यात सांगून ठेवले आहे. म्हणजे जात त्याच्याबरोबर रेल्वेने मुंबईला आली, काम जातीचेच राहिले, फक्त जातीच्या दाखल्याचा आधार मागे सुटला. पुलावरच्या गाईडने एवढे जरी सांगितले तरी त्या फोटोचा अर्थ बदलेल. पण तो सांगतो कपड्यांची संख्या आणि खुणेची पद्धत.

धारावीबाबत आम्ही एकच कसोटी सांगतो. जी सहल छायाचित्रे काढायला बंदी करते, जिचा गाईड त्याच वस्तीतला आहे आणि जी कातडीकाम, कुंभारकाम, प्लास्टिकची वर्गवारी हे सारे कोणत्या जातींच्या आणि कोणत्या प्रांतातल्या माणसांनी उभे केले हे सांगते, तिच्याबरोबर जायला हरकत नाही. बाकीच्या सहली म्हणजे गरिबीचे प्रदर्शन. त्यांना एक पैसाही देऊ नये.

आता घारापुरी. गेटवेहून लाँचने जायला तासभर, यायला तासभर, वर पायऱ्यांची चढण. अर्धा दिवस त्यातच जातो. शैव लेण्यांतले शिल्प अप्रतिम आहे यात वाद नाही. जागतिक वारसा म्हणून १९८७ साली त्याची नोंद झाली ती योग्यच झाली. पण त्याच बेटाच्या दुसऱ्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिला स्तूप टेकडी असेच म्हणतात, ही गोष्ट किती सहलींत सांगितली जाते? तिकडे चढून जाण्याइतका वेळ क्रूझच्या प्रवाशाला मिळत नाही हे आम्हालाही कळते. निदान बोटीतून बोट दाखवून सांगायला काय हरकत आहे? आणखी एक. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा माणसे मेली. तेव्हा लाँचमध्ये पाय ठेवताच लाइफ जॅकेट मागून घ्यावे, लहान मुलांना आधी चढवावे, संकोच करू नये.

मग आम्ही काय सुचवतो? आम्ही सुचवतो ते ठिकाण बंदराच्या फाटकापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि यादीत असले तरी 'वेळ उरल्यास' या रकान्यात असते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुटका तुकडा आहे. हा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात मिळाला. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. मुंबई नावाची वसाहतही नव्हती तेव्हा पश्चिम समुद्रातून येणारी जहाजे ज्या बंदरात लागत, ते शूर्पारक. प्राचीन बंदराचा हा दगड आज नव्या बंदरापासून दोन किलोमीटरवर येऊन बसला आहे.

आणि त्या दगडावर काय आहे? तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे आणि त्या शिलालेखाचा विषयच मुळी प्रवास हा आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मौजेच्या सफरीला निघत, शिकार आणि तशीच इतर करमणूक करत. अशोक सांगतो की राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत काय होते? श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची भेट आणि त्यांना मदत, जनपदातल्या लोकांची भेट, त्यांच्याशी धम्माची चर्चा, त्यांना प्रश्न विचारणे. आजच्या भाषेत सांगायचे तर राजा ठिकाणे बघायला जात नव्हता, माणसांना भेटायला जात होता. प्रवास कसा करावा यावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली राजाज्ञा ज्या शहरात आहे, त्या शहराच्या सहलीच्या यादीत तिचा उल्लेख नसावा, याला काय म्हणायचे? हे अज्ञान आहे की सोयीचे विस्मरण, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

त्याच वस्तुसंग्रहालयात सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. फाळणीने जो प्रदेश आपल्यापासून तुटला तिथल्या बुद्धाला इथे पाहता येते. दोन तास द्यावेत. घाई करू नये.

तिथून पायी निघाले की काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज, जिथून भीमराव आंबेडकर बी.ए. झाले. पुढे मुंबई उच्च न्यायालय, जिथे जुलै १९२३ पासून ते बॅरिस्टर म्हणून उभे राहिले आणि जिथे अस्पृश्य वकिलाकडे अशील येईना म्हणून त्यांना दिवस काढावे लागले. काळा कोट घालून आम्ही त्याच जिन्याने चढतो तेव्हा ही आठवण येत नाही असा दिवस नसतो. ती इमारत आज व्हिक्टोरियन गॉथिक वास्तुसमूहाचा भाग म्हणून २०१८ पासून जागतिक वारसा आहे. गाईड कमानी दाखवतो, जाळ्या दाखवतो, दगड कुठून आणला ते सांगतो. त्या कमानीखाली कोण उभे राहू शकत होते आणि कोणाला अडवले जात होते, हाही वास्तूचाच इतिहास नाही काय? मग दादाभाई नौरोजी रस्त्यावर बुद्ध भवन आणि आनंद भवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेले सिद्धार्थ कॉलेज तिथे आहे आणि बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहातला मोठा वाटा त्याच्या ग्रंथालयात आहे. हे चालते कॉलेज आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे, म्हणून आधी परवानगी घ्यावी. न मिळाल्यास फाटकातूनच नमस्कार करून पुढे जावे, मुलांच्या तासात व्यत्यय आणू नये. १९१७ साली बाबासाहेब इंग्लंडहून परतले तेव्हा त्यांची पुस्तके घेऊन येणारे जहाज टॉर्पेडोने बुडाले होते. तो माणूस पुढे तीन दशकांनी याच बंदराजवळ हजारो पुस्तकांचे घर बांधतो, हे समुद्रमार्गे आलेल्या प्रवाशाला सांगण्यासारखे नाही तर काय?

ज्यांना यात्राच करायची आहे त्यांनी टॅक्सीने दादरला जावे. चैत्यभूमी आणि हिंदू कॉलनीतले राजगृह ही दोन्ही ठिकाणे मिळून येण्याजाण्यासह तीन-साडेतीन तास धरावेत. ६ डिसेंबरच्या आसपास जहाज लागणार असेल तर हा हिशेब चालणार नाही. त्या दिवसांत लाखोंच्या रांगेत उभे राहण्याची तयारी असावी. आणि ज्याने ती रांग पाहिली, शिदोरी बांधून आलेली माणसे परत जाताना पुस्तके विकत घेऊन जातात हे पाहिले, त्याला दुसरी सहल घ्यायची गरज नाही.

कान्हेरीविषयी आमचे मत जरा कडक आहे. शंभराहून अधिक लेणी, तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह, डोंगरात कोरलेली पाण्याची टाकी आणि पन्हळी, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे ब्राह्मी लेख. एवढेच काय, नव्वदाव्या लेण्यात इराणहून आलेल्या पारशी प्रवाशांनी सन १००९ आणि १०२१ मध्ये पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. समुद्रापलीकडून आलेला पाहुणा मुंबई परिसरात काय पाहायला जात असे, याचा हजार वर्षांपूर्वीचा हा लेखी पुरावा आहे! वकिलाला पुरावा आवडतो, म्हणून आम्ही हा मुद्दाम नोंदवतो. परंतु फोर्टपासून बोरिवली लांब, वाहतूक बेभरवशाची, उद्यानाच्या फाटकापासून लेणी आणखी काही किलोमीटर आत. जहाज रात्री उशिरा निघणार असेल किंवा मुंबईत मुक्काम असेल तरच कान्हेरी धरावी. अर्ध्या तासात चैत्यगृह उरकून पळत सुटण्यापेक्षा न गेलेले बरे.

आता व्यवहाराच्या गोष्टी, कारण श्रद्धेपोटी माणूस फसतो तो इथेच. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज साधारणतः थांबते. तुम्ही स्वतः गाडी करून गेलात आणि वाहतुकीत अडकलात तर ते थांबत नाही. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी सर्वांनी चढलेले असावे लागते आणि जहाजावरचे घड्याळ स्थानिक वेळेशी जुळतेच असे नाही. म्हणून स्वतंत्र गाईड घेणाऱ्याने परतीला दोन तासांची मोकळीक ठेवावी. दुसरे, सहलीच्या करारातला बारीक अक्षरातला मजकूर वाचावा. सहल चालवणारा ठेकेदार वेगळा असून त्याच्या चुकीला जहाज कंपनी जबाबदार नाही, असे कलम त्यात बहुधा असते. भारतात पैसे भरून तिकीट काढलेल्या ग्राहकाला अशा एकतर्फी अटींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते आणि तक्रार आपण राहतो त्या राज्याच्या आयोगापुढे करता येते.  पावती, यादी आणि गाईडचा परवाना क्रमांक जपून ठेवा म्हणजे झाले. दुकानात नेऊन अडकवणारा गाईड भेटला तर बसमधून उतरायचे नाही, एवढा साधा असहकार पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या परदेशस्थ बांधवांच्या खिशाची. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर परदेशी पाहुण्यांना कितीतरी पट दर असतो. पण ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे त्यांना २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे भारतीयांचाच दर लागू आहे. श्रीलंका, नेपाळ, थायलंड, म्यानमार या देशांच्या नागरिकांनाही सार्क आणि बिमस्टेकमुळे तोच दर आहे. सहलवाल्याने परदेशी दराने पैसे लावले असतील तर फरक मागावा.

हे सारे मुंबईत येणाऱ्यांसाठी झाले. पण आता आपली माणसेही जहाजाने जाऊ लागली आहेत. बँकेतून, पालिकेतून निवृत्त झालेली जोडपी मुंबईहून गोवा, कोचीची क्रूझ घेतात. चांगली गोष्ट आहे. आमच्या बापजाद्यांनी बंदरावर हमाली केली, नातवंडांनी डेकवर खुर्ची टाकून बसावे. पण कोचीला उतरल्यावर मट्टनचेरीचा राजवाडा, यहुद्यांचे जुने प्रार्थनास्थळ आणि चिनी जाळी पाहताना गाईडला एक प्रश्न जरूर विचारा. १९१३ साली कोचीत पुलया या अस्पृश्य समाजाची सभा कुठे भरली होती? जमिनीवर त्यांना जमू दिले जात नव्हते. तेव्हा पंडित करुप्पन यांच्या पुढाकाराने त्यांनी होड्या एकमेकींना बांधल्या आणि खाडीच्या पाण्यावर सभा घेतली. पाण्यावर कोणाची जात चालणार? ज्या खाडीतून तुमचे जहाज धक्क्याला लागते ती हीच.

राहता राहिला प्रश्न गाईडचा. आपली पदवीधर मुले पाली शिकतात, लेण्यांवर जातात, ब्राह्मी वाचतात, रविवारी स्वखर्चाने लोकांना लेणी समजावून सांगतात. त्यांच्यापैकी किती जणांनी गाईडचा परवाना काढला? पर्यटन खात्याचे प्रशिक्षण आणि परीक्षा आहेत, त्या देता येतात. परवाना असेल तर जहाज कंपनीच्या मुंबईतल्या ठेकेदाराकडे 'बाबासाहेबांची मुंबई' अशी चार तासांची सहल लेखी प्रस्ताव म्हणून देता येईल. बंदर, वस्तुसंग्रहालय, एल्फिन्स्टन, उच्च न्यायालय, सिद्धार्थ कॉलेज. सगळे पायी, गाडीचा खर्च शून्य. ठेकेदार नाही म्हणेल, दुसऱ्या वर्षी पुन्हा द्यावा. ज्यांना इंग्रजीची भीती वाटते त्यांनी थाई किंवा जपानी शिकायला हरकत नाही, त्या पाहुण्यांना आपल्याच ठिकाणी यायचे असते.

आणि शेवटी एक सूचना, कारण याच कारणाने पाहुणे हिरमुसून परतलेले आम्ही पाहिले आहेत. घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद असतात. जहाज सोमवारी लागणार असेल तर त्यांच्या नावाने कोणी आगाऊ पैसे मागितल्यास देऊ नयेत. वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडे असते, सकाळी सव्वादहापासून.